मऊ चालणारी गाडी

उन्हाळा लागला की भिवंडीत सगळेच टायरचे डॉक्टर होतात. "ताई, हवा थोडी कमी ठेवा, ऊन फार आहे," असं मला पेट्रोल पंपावर सांगतात, गोडाऊनच्या गेटवरचा वॉचमन सांगतो आणि ज्यांनी जन्मात कधी स्टेअरिंग धरलं नाही ते माझे यजमानही सांगतात. मी सगळ्यांचं ऐकून घेते आणि करायचं तेच करते.

माझी सात सीटची गाडी आहे. आसपासच्या गावांतल्या बायकांना मी गोडाऊनला शिफ्टवर नेते आणि शिफ्ट सुटली की घरी सोडते. ट्रकांच्या गर्दीतून, खड्ड्यांतून, धुळीतून. सुरुवातीला लोक हसायचे. आता हसत नाहीत, कारण माझी गाडी वेळेवर येते आणि हसणाऱ्यांच्या घरच्याच बायका तिच्यात बसलेल्या असतात.

हवेच्या बाबतीत माझा नियम एकच. सकाळी, गाडीवर ऊन यायच्या आत, टायर थंड असताना मोजायचं. मोजायचं मीटर माझ्या पर्समध्ये असतं, कंगवा आणि पावडरच्या डबीच्या शेजारी. दाराच्या आतल्या बाजूला कंपनीने आकडे चिकटवलेले असतात, रिकाम्या गाडीचा वेगळा आणि भरलेल्या गाडीचा वेगळा. माझी गाडी रिकामी अशी नसतेच, म्हणून मी भरलेल्याचा आकडा धरते. दुपारी टायर तापला की हवा आपोआप वाढते, हे कंपनीला ठाऊक असतं आणि ते धरूनच आकडा दिलेला असतो. पण आपल्याकडे लोक भर दुपारी मोजतात, "अरे बापरे, जास्त झाली" म्हणतात आणि सुस्स करून सोडून देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर मुतखड्याच्या पेशंटसारखा कण्हत बसलेला असतो. हायवेच्या कडेला टायरांची काळी सालपटं पडलेली दिसतात ना, ती बहुतेक जास्त हवेने फुटलेल्यांची नसतात. कमी हवेने शिजून मेलेल्यांची असतात.

हे मी कुणालाही ठणकावून सांगते. आयुष्यात एकदाच हे सांगताना माझी जीभ अडखळली, आणि ते सांगायचं म्हणून हा सगळा प्रपंच.

माझी एकुलती मुलगी अकलोलीच्या पलीकडे एका पाड्याजवळच्या गावात दिली आहे. घर शेतकऱ्याचं, माणसं चांगली. जावई भिवंडीतच एका गोडाऊनला ड्युटी करतात. सासरे, म्हणजे माझे व्याही, ट्रॅक्टरवाले. स्वतःची शेती करून वर पंचक्रोशीची नांगरणी करतात. गेल्या साली माझ्या लेकीचं पहिलं पोट पाचव्या महिन्यात गेलं. त्यानंतर ती कितीतरी दिवस कुणाशी बोलली नव्हती. यंदा पुन्हा दिवस राहिले आणि आठवा महिना लागला, तेव्हा दोन्ही घरं तिच्या पोटाकडे बघूनच श्वास घेत होती. मी देवाला फार त्रास देणारी बाई नाही, पण त्या उन्हाळ्यात मी वज्रेश्वरीला तीनदा जाऊन आले.

मे महिन्यातली ती सकाळ. पहिल्या शिफ्टच्या बायकांना उतरवून मी गाडीत पाणी पीत होते. लेकीचा फोन आला.

"आई, कालपासून बाळ कमी हालतंय. आज तर न्हायच."

तिचा आवाज इतका शांत होता की मी बाटलीचं झाकण न लावताच ती सीटवर टाकली. भिवंडीत जिथे तिचं नाव घातलं होतं तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी फोन लावला. त्या म्हणाल्या, वाट बघत बसू नका, तशीच घेऊन या. तिच्या गावाजवळ बाळाचे ठोके बघायचं मशीन नव्हतं, ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, जावई शिफ्टवर आणि शिफ्टला मोबाईल गेटवर जमा. सासरच्या दारात होता तो ट्रॅक्टर. मी गाडी वळवली.

मी पोचले तेव्हा लेक ओटीवर डाव्या कुशीवर पडलेली होती, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तशी. सासू तिच्या पायाशी. मी तिच्या पोटावर हात ठेवला. काही नाही. मी हसले आणि म्हणाले, "झोपलाय आळशी. आजोबांवर गेलाय." लेक हसली नाही.

निघायची घाई, पण तिच्या सासूने तांदळाचं अर्धं पोतं काढलंच. "पहिलटकरीण पोर माहेरी चालली, रिकाम्या हातानं धाडू व्हय?" माहेरी नाही, दवाखान्यात चाललोय, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती एकसारखी देव्हाऱ्याकडे बघत होती. पोतं भरण्याने तिला धीर येत असेल तर भरू दे, म्हटलं. मी आत लेकीच्या फाइली आणि कपडे गोळा करत राहिले. व्याही बाहेर गाडीपाशी काहीतरी करत होते. मला वाटलं, काच पुसताहेत.

मागच्या सीटवर लेक आणि तिची सासू, त्यांच्या मागे पोतं आणि बोचकी, माझ्या शेजारी व्याही. निघालो. गावाबाहेरच्या पहिल्याच वळणावर स्टेअरिंग जड लागलं. मी मनात म्हटलं, हात घाबरलेत, स्टेअरिंग नाही. दुसऱ्या वळणावर गाडी बाकाखाली झोपलेल्या कुत्र्यासारखी उशिरा उठली. पुढे एक मोठा खड्डा होता, तो मला पाठ आहे. तिथे गाडी दण्णकन आपटते. त्या दिवशी ती नुसती डुलली.

व्याहीबुवा माझ्याकडे वळून समाधानानं म्हणाले, "बघा विहीणबाय, कशी मऊ चालते."

"कशी काय?"

"मीच केलंय. चारी चाकांची हवा काढली थोडी थोडी. काडी लावून बसलो व्हतो. शेतात ट्रॅक्टरची हवा कमी केली की कसा मऊ चालतो. पोरीला हादरा लागता कामा न्हाय. आन् उन्हाचं टायर फुटायचं भ्या बी न्हाय."

मी गाडी बाजूला घेतली. एका करंजाच्या सावलीत. खाली उतरून मागच्या टायरच्या बाजूला हात लावला आणि चटकन उचलला. इतक्या थोड्या अंतरात तो तव्यासारखा तापला होता. मीटर लावलं. अर्ध्याच्या थोडी वर हवा. थोडी थोडी म्हणे!

आता माझा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की त्या क्षणी माझ्या तोंडात काय काय आलं असेल. गोडाऊनच्या मॅनेजरला मी गेटवर उभं करून झापलेलं आहे. पण समोर लेकीचा सासरा होता. मुलीची बाजू म्हणजे पडती बाजू, हे मला कुणी शिकवायला लागत नाही. मी आज जो शब्द टाकीन तो उद्या माझ्या लेकीच्या ताटात पडणार. शिवाय त्यांनी हे वाईट मनानं केलं नव्हतं. त्या माणसाने रणरणत्या उन्हात चार चाकांपाशी उकिडवं बसून, आपल्या सुनेच्या पोटातल्या जिवासाठी, आपल्याला येत होतं ते केलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. मला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्हीला वेळ नव्हता.

"व्याहीबुवा," मी म्हणाले, "तुम्ही कुंपणाची तार कशी तोडता, पक्कड नसली तर?"

"वाकवून वाकवून."

"तोडताना तिथं हात लावलाय कधी?"

"चटका बसतो."

"टायरचं तेच हाय. हवा कमी झाली की तो दर फेऱ्याला वाकतो आन् सरळ होतो. शेतात ट्रॅक्टर बैलाच्या चालीनं चालतो, त्याला चालतं. हितं डांबर तापलंय, गाडी भरलीय, पुढं मोठ्या रस्त्याला पळवायची हाय. फुटला तर मागनं डंपर येतोय."

त्यांनी टायरला हात लावून बघितला. मग पागोट्याचा पंचा काढून तोंड पुसलं.

आम्ही अगदी सावकाश अंबाडीच्या नाक्यापर्यंत आलो. तिथे पंक्चरवाला होता. त्याने आमच्याकडे बघून आधीच हात हलवला. "लाइट नहीं है दीदी, सुबह से. टंकी में जितनी हवा थी, डंपरवाला ले गया." मला तिथेच रस्त्यावर बसावंसं वाटलं. त्याच्याकडे एक उभा हातपंप मात्र होता, पायाने खाली दाबून धरायचा आणि दोन्ही हातांनी मारायचा. सायकलींसाठी ठेवलेला.

गाडीतून लेकीचा आवाज आला. "आई, चल ना. राहू दे ना हवा. हळूहळू जाऊ."

तिची सासूही म्हणाली, "हळू चालवा की. येळ चाललाय."

त्या घडीचं मला आजही नीट सांगता येत नाही. एका बाजूला पोटात न हालणारा जीव. त्याला दर मिनिट महाग. दुसऱ्या बाजूला पुढचा सगळा भिवंडी-वाडा रस्ता, त्यावर खडीने भरलेले डंपर आणि कंटेनर, आणि माझ्या गाडीला चार शिजत आलेले टायर. हळू गेले तर उन्हात तास मोडणार. जोरात गेले तर कुठेतरी एक चाक जाणार, आणि मग तासांची गोष्टच उरणार नाही. मी माझ्या लेकीच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नाही. हवा भरल्याशिवाय गाडी इथून हलणार नाही." ती रडायला लागली. तिने मान फिरवली. आईने मुलीला नाही म्हणायचे दिवस कधीच संपलेले असतात, आणि मी तिला नेमकं त्या दिवशी नाही म्हटलं. तरी माझा निर्णय बरोबर होता. तेव्हाही मला ठाऊक होतं, आजही ठाऊक आहे.

पंक्चरवाल्याने पंप उचलला तर व्याह्यांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. "मी काढली, मी भरतो."

मग ते सुरू झाले. साठीच्या पुढचा माणूस, गंजीफ्रॉकवर, डोक्यावर ऊन. आधी मागची दोन चाकं, कारण वजन तिथे. मी मीटर लावून बसले. पंप मारायचा, मी नळी काढून मोजायचं, "अजून" म्हणायचं, की पुन्हा मारायचा. सायकलच्या पंपाने मोटारीत हवा भरणं म्हणजे चमच्याने विहीर भरणं. मध्ये पंक्चरवाल्याने मीटरमध्ये डोकावून सांगितलं, "बस दीदी, गर्मी है. इतना बहुत है."

"भाई, टायर गरम है. गरम का आकडा झूठा होता है," मी म्हणाले. "ठंडा होगा तो नीचे आएगा. और मारो." मी सकाळच्या आकड्याच्या वर थोडी ठेवून मोजत होते. त्याने खांदे उडवले, पण दुसऱ्या चाकाला त्यानेच व्याह्यांच्या हातून पंप घेतला. व्याही मिनिटभर गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले आणि लगेच म्हणाले, "दे इकडं."

मी मधून मधून लेकीला विचारत होते, "हललं का गं?" ती मानेनेच नाही म्हणायची. तिच्या सासूने पंक्चरवाल्याच्या माठातलं थंड पाणी तिला पाजलं आणि पदर ओला करून तिच्या कपाळावर ठेवला. तांदळाचं पोतं मी उतरवून तिथेच दुकानात ठेवलं. सासूने तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं. तेवढं तरी वजन कमी.

चौथं चाक झालं तेव्हा व्याह्यांनी पंप खाली ठेवला आणि हात झटकले. तळहातांना फोड येऊन फुटले होते. ज्या हातांनी जन्मभर नांगर आणि स्टेअरिंग धरलं त्यांना पंपाची मूठ नवी होती. ते गाडीत बसले आणि हात मांडीखाली लपवले.

मग मी गाडी काढली. आणि आता मी तिला खरोखर पळवली. गाडी पुन्हा माझी होती, बोट हलवलं की ऐकणारी. रस्ता आपला तोच, फसवा, खड्ड्यांचा. प्रत्येक हादरा आता सरळ अंगात येत होता आणि प्रत्येक हादऱ्याला व्याह्यांचे खांदे आकसायचे. पण त्यांनी एकदाही "हळू" म्हटलं नाही. एके ठिकाणी समोरच्या कंटेनरने इंडिकेटर न देता अंग टाकलं. मी ब्रेक मारून डावीकडे काढली. गाडी जागच्या जागी थांबली, एक वीतसुद्धा घसरली नाही. मी त्या कंटेनरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, व्याह्यांच्या देखत. त्यांनी तो मन लावून ऐकला आणि म्हणाले, "बरोबर हाय."

दवाखान्यात पोचलो. लेकीला आत घेतलं. डॉक्टरीणबाई घड्याळ बघतच आल्या. "फोन करून किती वेळ झाला! होतात कुठे तुम्ही? मी सांगितलं होतं ना, तशीच घेऊन या म्हणून?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. ट्रॅफिक. भिवंडीत ट्रॅफिक म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. मी तोंड उघडणार इतक्यात व्याही पुढे आले. चपला दाराबाहेर काढून ते इतका वेळ भिंतीला लागून उभे होते.

"माझ्यामुळं उशीर झाला, बाय," ते म्हणाले. "मी गाडीची हवा काढली. विहीणबायनी सांगितलं न्हाय मला, मीच काढली. त्यांना बोलू नका."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. त्या आत गेल्या आणि पडदा ओढला. पण मला कळलं. मी मुलाकडची माणसं पुष्कळ बघितली आहेत, साखरपुड्यापासून सुतकापर्यंत. मांडवात रुसणारी, मानपानावरून ताट सारणारी. मुलाच्या बापाने मुलीकडच्यांसमोर, तेही चारचौघांत, "माझ्यामुळं" म्हटलेलं मी त्या दिवसापर्यंत ऐकलं नव्हतं. मी सकाळपासून जो राग गिळून होते तो त्या एका शब्दाने निवला. मला त्यांच्याविषयी माया वाटली. सरळ सांगते, माझ्या सख्ख्या भावाविषयी वाटावी तशी.

"आमच्यामुळं," मी म्हणाले. पण ते त्यांनी ऐकलं नाही. त्यांचं लक्ष पडद्याकडे होतं.

आतून खरखर ऐकू येत होती. मशीन पोटावर फिरत होतं आणि त्याला काही सापडत नव्हतं. खरखर. मग काही नाही. पुन्हा खरखर. लेकीची सासू भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. माझ्या हातात मीटर होतं, पर्समध्ये टाकायचं राहून गेलेलं. मी ते घट्ट धरून उभी होते.

आणि मग एकदम खटखट खटखट खटखट सुरू झालं. जोरात, एका लयीत, दम न घेता.

व्याह्यांनी दचकून खिडकीकडे बघितलं. "बाजूला पॉवरलूमचा कारखाना हाय का?"

"न्हाय व्याहीबुवा," मी म्हणाले. "तुमचं नातवंड हाय."

त्यांना पटायला वेळ लागला. मग ते भिंतीला धरून तिथेच फरशीवर बसले, फुटलेल्या फोडांचे हात मांडीवर उलथे टाकून. पडद्याआडून लेक रडत होती आणि हसत होती. "आई, हललं! आत्ता हललं, बघ!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके चांगले आहेत, पण आजची रात्र इथेच ठेवू, लक्ष ठेवायला हवं. तिच्या सासूने वज्रेश्वरीला हात जोडले.

डॉक्टरीणबाई मशीन बंद करायला निघाल्या. व्याह्यांनी बसल्या जागेवरून, पडद्याच्या बाहेरूनच हात उचलला.

"जरा राहू द्या, बाय," ते म्हणाले. "अजून थोडं ऐकू द्या."